उभ्या पट्टीवरचे आकडे

२ सप्टेंबर

यूहंग येऊन गेला. फोनवर भागलं असतं, पण तो माझ्या धाकात वाढलेला. पेरूंची पिशवी घेऊन आला, दारात बूट जोडून ठेवले आणि खुर्चीच्या कडेवर टेकून निमंत्रण दिलं. बारा तारखेला विभागात त्याच्या बढतीचं प्रात्यक्षिक आहे. समितीनं मला खास बोलावलं आहे. विषय मी आयुष्यभर शिकवलेला, आणि ज्वांग यूहंग माझा शेवटचा संशोधक विद्यार्थी. आता तो माझ्याच विभागात आहे, माझ्याच खोलीत बसतो, माझ्याच खिडकीतून काओश्युंगच्या रिफायनरीच्या जुन्या टाक्या बघतो.

"बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. मी खुर्ची राखून ठेवतो."

"मागे बसले तर ऐकू येणार नाही की काय? म्हातारी झाले आहे, बहिरी नाही."

"तसं नाही बाई. तुम्ही पुढे असलात की मला धीर येतो."

लबाड.

हल्लीचा नियम मला पटत नाही, पण आहे. ठराविक वर्षांत बढती मिळाली नाही तर नोकरी जाते. यूहंगची मुदत यंदा संपते. बायको शूफन पोटुशी आहे. अशा वेळी शहाणा माणूस शोधनिबंध लिहितो. यानं चित्रं काढली! संगणकावर! मिश्रणांच्या उकळण्याचे जे आलेख मी फळ्यावर खडूनं काढले, मुलांकडून आलेखाच्या कागदावर पुन्हा पुन्हा काढून घेतले, ते आता पडद्यावर गरागरा फिरतात म्हणे. अध्यापनातलं काम म्हणून बढतीला हेही चालतं. चालत असेल. जत्रेतला पाळणाही फिरतो, म्हणून त्यात बसून कोणी रसायन अभियंता होत नाही.

दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात नूडल्स खायला गेलो. यूहंगला भिंतीवरची यादी मोठ्यानं वाचायची खोड आहे. "बीफ नूडल्स, तिळाच्या चटणीच्या नूडल्स, वॉन्टनचं सूप..." अख्खी यादी, वरपासून खालपर्यंत. डॉक्टरेट झालेला माणूस, आणि बालवाडीतल्या पोरासारखा वाचतो. मी तसं म्हटलं. हसला.

६ सप्टेंबर

पीय्वुननं पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरचा विषय काढला. निमित्त, सूपमध्ये मिठाऐवजी साखर पडली. मी म्हटलं, "दोन्ही बरण्या सारख्या आणल्यास, मग असंच होणार."

"ताई, बरण्या वीस वर्षं सारख्याच आहेत."

धाकटी बहीण पोस्टाच्या खिडकीवर जन्म घालवून निवृत्त झाली की तिला सगळं जग रांगेत उभं आहे असं वाटतं. माझे डोळे उत्तम आहेत. छपाई बिघडली आहे.

१२ सप्टेंबर

प्रात्यक्षिक झालं. जे झालं ते सरळ लिहिते.

पहिल्या रांगेत मधली खुर्ची, वर माझ्या नावाची चिठ्ठी. बाजूला समितीचे अध्यक्ष ल्याव. हा ल्याव माझ्या हाताखाली लागला तेव्हा त्याला साधा ऊर्ध्वपातनाचा मनोरा उभा करता येत नव्हता, आता त्याला समित्या उभ्या करता येतात.

यूहंगनं आधी पाणी आणि अल्कोहोल घेतलं. आडव्या पट्टीवर मिश्रणाचं प्रमाण, उभ्या पट्टीवर तापमान. खालची रेषा म्हणजे इथे उकळी फुटते, वरची म्हणजे इथे सगळ्याची वाफ झालेली असते, मधल्या भागात दोन्ही. जिथे या रेषा एकमेकींना टेकतात तिथे वाफ आणि द्रव तंतोतंत सारखे, मग गाळून वेगळं काय करणार? म्हणून काओल्यांग दारू कितीदा गाळली तरी निव्वळ अल्कोहोल हाती लागत नाही. हे सगळं मी इतकी वर्षं बोलत आले आहे की आज त्याच्या तोंडून ऐकताना माझेच ओठ हलत होते.

मग त्यानं दाबाची तिसरी दिशा घातली आणि रेषांचे पत्रे झाले. एक निळा, एक पिवळा. रंग म्हणजे सुपारीच्या टपरीवरचे झगमगते दिवे. रेषा बोटाएवढ्या जाड. पोरगं इतकं नीटस, आणि ही आवड कुठून आणली कोण जाणे. त्यात उभ्या पट्टीवरचे आकडे मुंग्यांएवढे, हल्लीची पद्धत.

शेवटी त्यानं बेंझीन घेतलं आणि त्याच्यासोबत त्याचं फ्लोरीनवालं भावंड. पत्रे फिरवले, एका दाबावर उभे कापले, आणि समोर जी रेषा आली ती आधी दरीत उतरली, मग टेकाडावर चढली, मग पुन्हा उतरली. दरीतही दोन्ही रेषा टेकलेल्या, टेकाडावरही टेकलेल्या!

मी उभी राहिले. समितीनं मला त्यासाठीच बोलावलं होतं ना?

"यूहंग, थांब. हे काय आहे?"

"बाई, ही जोडी जरा वेगळी आहे..."

"जोडी वेगळी नाही, तू वेगळा आहेस. एका जोडीत रेषा टेकल्या तर एकाच जागी टेकतात, हे तुला दुसऱ्या वर्षाला शिकवलंय. हे बेंझीन आहे, गाढवा, आलीशान डोंगराचा घाट नाही. चारदोन आकडे विरळ पडले की संगणक असा लटपटतो, आणि तू डोळे मिटून त्याच्यामागे गेलास."

कोणीतरी हसलं. यूहंग म्हणाला, "बाई, त्या उभ्या पट्टीवर..." आणि थांबला.

माझ्याकडे बघत राहिला. मग समितीकडे बघितलं. मग हातातला माउस हळूच टेबलावर ठेवला आणि कमरेतून वाकला.

"बाई म्हणतात ते बरोबर आहे. माझं चुकलं. दुरुस्त करतो."

ल्यावनं लिहून घेतलं. मग चहा आणि अननसाचे केक. शूफन मागच्या बाजूला होती. एवढं पोट घेऊन ती माझ्याकडे न बघता कप गोळा करत राहिली.

चूक कबूल करायची अक्कल तरी आहे त्याला.

१३ सप्टेंबर

शाळेत मदर सेसिलिया रोज मनाची झडती घ्यायला लावायच्या. काय केलं, कोणाला केलं, का केलं. तिन्हींची उत्तरं द्यायची, आणि तिसऱ्याला खोटं बोलायचं नाही. साठ वर्षांत सवय सुटली नाही.

काय केलं: चूक दाखवली. कोणाला: माझ्या विद्यार्थ्याला. का: चूक होती म्हणून.

तरी "गाढवा" हा शब्द घशात अडकला आहे. वर्गात मी तो शंभरदा वापरला असेल, तेव्हा मुलं खुश व्हायची. काल कोणी खुश झालं नाही.

२० सप्टेंबर

पौर्णिमेच्या सणाचा धूर अजून गल्लीत कोंडला आहे. तीन दिवस लोक दारात शेगड्या मांडून मांस भाजत होते. यूहंगकडून पपनसांची पेटी आली, शूफनच्या माहेरची, माडौची. दरवर्षी तो स्वतः आणून देतो. या वर्षी कुरिअरनं.

ल्यावचा फोन. आवाजात तूप.

"बाई, तुमचे आभार मानायला फोन केला. समितीत दोन गट होते. तुमच्या एका वाक्यानं काम सोपं झालं."

"म्हणजे?"

"उमेदवारानं स्वतःच सर्वांसमोर मान्य केलं की मुख्य उदाहरण चुकीचं आहे. मग कोण काय बोलणार? नामंजूर. जानेवारीअखेर त्याचा करार संपेल."

मी म्हटलं, एका आलेखासाठी? तो म्हणाला, "बाई, आलेखासाठीच तर बढती मागितली होती."

जेवण गेलं नाही. पीय्वुन म्हणाली, "तूच म्हणालीस ना चूक होती?" होती. चूक होतीच. चुकीला चूक म्हणणं हा गुन्हा असेल तर आम्ही सगळे शिक्षक तुरुंगात जायला हवेत. मग मला का असं वाटतंय की मी कुणाच्या तरी घराचं दार बाहेरून लावून आले?

२८ सप्टेंबर

आज आमच्याकडचा शिक्षक दिन. यूहंग आला. नवा शर्ट, तोच नमस्कार. मला वाटलं होतं येणार नाही. येणार नाही म्हणजे मला रागवायला मोकळीक मिळेल.

"जेवलास?"

"हो बाई."

"खोटं बोलू नकोस, तुझं पोट वाजतंय."

डंपलिंग खाऊ घातले. मग विचारलंच, "ते बेंझीनचे आकडे तू आणलेस कुठून?"

"मी ते उदाहरण काढून टाकलं बाई."

"मी काय विचारलं आणि तू काय सांगतोस?"

"सोया सॉस तुमच्या उजव्या हाताला आहे, बाई," तो म्हणाला, आणि बाटली माझ्या बोटांपाशी सरकवली. विषय बदलायची ही कसली रीत!

जाताना बूट घालता घालता म्हणाला की श्यिंजू शहरातल्या एका कंपनीनं त्याला बोलावलंय. चिपच्या कारखान्यांतून वापरलेली द्रावणं गोळा करून पुन्हा गाळून विकतात. पगार बरा आहे. "तिथे शिकवायचं नसतं," म्हणाला, जणू ती सोय होती.

त्याच्या आकड्यांत गडबड कुठे झाली ते मी हातानं आलेख काढून त्याला दाखवणार. तेवढं तरी मी त्याचं देणं लागते. त्याला कळेल की बाई उगाच बोलल्या नाहीत.

३० सप्टेंबर

पीय्वुन पपनस सोलत बसली होती. सालं पडायला खाली कागद घेतला होता, तो नेमका त्या दिवशी वाटलेला यूहंगचा माहितीकागद.

"ताई, हे खाली काय छापलंय? 'मोजमापांचा आधार' म्हणून. कुठल्याशा इंग्रजी मासिकाचं नाव आहे. वर्ष बघ, यूहंगच्या जन्माच्याही आधीचं."

"खाली कुठे? खाली काही नाही."

"हे काय. या सालीपाशी."

"ती नुसती रेघ आहे."

पीय्वुननं हातातली सुरी खाली ठेवली. "रेघ नाही ताई. दोन ओळी आहेत."

छपाईच तशी.

२ ऑक्टोबर

विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. पीय्वुनला सोबत नेलं, जिने आहेत म्हणून. तळघरातून जुना बांधीव खंड आला. धुळीनं शिंका. पानभर आकड्यांचा तक्ता. मी म्हटलं, तू आकडे वाच, मी बिंदू मांडते, म्हणजे काम लवकर होईल. मोठ्या चौकटींचा कागद, जाड शिसपेन्सिल, टेबलाचा दिवा अगदी जवळ. शिकवत होते तेव्हासारखं वाटलं. बरं वाटलं, खोटं का बोलू.

पीय्वुन पोस्टातल्या आवाजात वाचू लागली. निव्वळ बेंझीन, ऐंशी पूर्णांक एक. पुढचं त्याखाली. पुढचं आणखी खाली.

"अजून उतरतंय ताई. एकोणऐंशी पूर्णांक तीनपाशी आलंय."

"उतरू दे. एक दरी असते. मग सरळ चढून दुसऱ्या टोकाला जाईल."

"चढायला लागलं."

"बघ, म्हटलं ना."

"चढतंय... चढतंय... ताई, टोक कितीवर आहे म्हणालीस?"

मी सांगितलं.

"मग हे त्याच्यावर गेलं की. आणि आता परत खाली येतंय. काय करू, येऊ देऊ?"

मी पेन्सिल उचलली नाही. "पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. मी पुन्हा मांडलं. माझ्याच हातानं, माझ्याच पेन्सिलीनं, मी ज्या पद्धतीची जन्मभर शपथ घेतली त्या पद्धतीनं कागदावर आधी एक दरी आली आणि मग एक टेकाड आलं. भुवईएवढं टेकाड. सबंध चढउतार जेमतेम एका अंशाचा. यूहंगनं तो दिसावा म्हणून पट्टी ताणून मोठी केली होती, दुसरं काही नाही. पट्टीवर लिहिलंही असणार कुठून कुठपर्यंत आहे ते.

आणि वाफेचे आकडे शेजारच्या रकान्यात. दोन ठिकाणी द्रवाशी जुळणारे. दोन.

पीय्वुन म्हणाली, "तुझा कागद सुंदर झालाय." मी तिला गप्प बस म्हणाले. ती गप्प बसली, आणि तेही मला सहन झालं नाही.

३ ऑक्टोबर

वादळाची सुट्टी. खिडक्यांना पट्ट्या चिकटवल्या आहेत. तो कागद टेबलावर आहे, मी त्याच्याकडे पाठ करून बसते आणि पुन्हा वळते.

काय केलं. कोणाला केलं. का केलं.

तिसऱ्याचं उत्तर "चूक होती म्हणून" हे नाही. तो पडदा सुंदर होता. मुलं पुढे वाकून बघत होती. मी खडू मोडेपर्यंत काढलेली चित्रं एका बोटानं फिरत होती. काहीतरी चुकलेलं मला हवं होतं.

५ ऑक्टोबर

ल्यावकडे गेले. त्यानं छोट्या कपांत चहा ओतला, रिवाजाप्रमाणे पहिला फेकला, दुसरा दिला. मी कागद पुढे ठेवला. त्यानं बराच वेळ बघितला.

"बाई, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण त्यानं स्वतः मान्य केलं. इतिवृत्तात आहे."

"मी त्याची शिक्षिका! भरसभेत तो मला चूक म्हणणार होता काय? तू म्हणाला असतास मला?"

"नसतो म्हणालो."

"मग? तो सभ्यपणा होता."

"इतिवृत्तात सभ्यपणाचा रकाना नसतो, बाई." मग खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "यूहंगनं लेखी हरकत घेतली तर पुन्हा बैठक लावता येईल. आपण लिहू, 'नवी माहिती समोर आली.' कोणाचंच नाक कापलं जाणार नाही. तुमचंही."

"ती माहिती नवी नाही. ती यूहंगपेक्षा म्हातारी आहे."

"चहा घ्या, बाई. गार होतोय."

८ ऑक्टोबर

यूहंगचा तास चालू होता. मी दाराबाहेर उभी राहिले. मुलांच्या हातात फोन, फोनवर त्याचे पत्रे. ओरडावं असं वाटलं होतं. तेवढ्यात केस निळे केलेली एक मुलगी फोन तिरका करून शेजारणीला म्हणाली, "अगं, हा पत्रा इथे वाकलाय बघ, म्हणून दारू पुढे जात नाही! मला वाटायचं तो एक नियम आहे."

माझ्या वर्गात हे वाक्य कोणी कधी बोललं नाही. माझ्या वर्गात लिहून घेत.

तास सुटल्यावर त्याला गाठलं. कागद दाखवला. त्याला आश्चर्य वाटलं नाही. माझी पेन्सिलीची रेषा मात्र तो बोटानं चाचपत राहिला.

"तुला माहीत होतं."

"हो बाई."

"हरकतीचा अर्ज कर. आज."

"नाही करणार."

"का?"

"त्यात लिहावं लागेल की त्या दिवशी बाई चुकल्या आणि मी समितीसमोर खोटं बोललो."

"मग लिही!"

"खोटं का बोललो तेही लिहावं लागेल."

"लिही की, शिष्टाचार म्हणून! सगळ्यांना कळेल. आपल्याकडे कोणाला कळणार नाही?"

तो जमिनीकडे बघत होता. "हो बाई. शिष्टाचार."

"तुझं मूल जन्माला येतंय, मूर्खा, आणि तू माझी इभ्रत सांभाळत बसलास?"

"शूफनही तेच म्हणते," तो म्हणाला. "तुमच्यापेक्षा वाईट शब्दांत." आणि हसला. ते हसू मला दिवसभर पुरलं आहे.

९ ऑक्टोबर

पीय्वुनला कालचं सगळं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती.

"ताई, रागावणार नसशील तर एक विचारू? तो मेनू मोठ्यानं वाचतो, तो काय स्वतःसाठी?"

मी म्हटलं, खोड आहे त्याची.

"माझ्यासोबत आला होता तेव्हा नाही वाचला. एक शब्द नाही. तू असलीस की वाचतो. बस आली की नंबर म्हणतो, लिफ्टमध्ये मजला म्हणतो. मला वाटलं तुला ठाऊक आहे. तुम्ही दोघं मिळून नाटक करता असं समजून मी गप्प होते."

मी आतल्या खोलीत गेले. कपाटावरून जुनं मॉडेल काढलं, निवृत्त होताना विभागातून आणलेलं. लाकडी चौकट, आत ताणलेल्या धाग्यांचे दोन पत्रे. विद्यार्थी असताना यूहंगनं दोन आठवडे माझ्या शेजारी बसून त्याचे धागे ताणले होते. एक पत्रा निळा, एक पिवळा. ते बारीक धागे मला सारखेच मातकट दिसले. रंग उडाले असतील.

"पीय्वुन, यातला निळा कुठला?"

तिनं बोट ठेवलं. हसली नाही. "दोन्ही अजून झळझळीत आहेत, ताई."

"बाई, त्या उभ्या पट्टीवर..." एवढंच म्हणून तो थांबला होता. पुढचं वाक्य काय होतं ते आता मला माहीत आहे. ते सगळ्यांसमोर म्हणायचं नाही म्हणून त्यानं नोकरी घालवली.

आणि मी त्याला म्हणाले, डोळे मिटून गेलास.

१४ ऑक्टोबर

त्यानं अर्ज केला नाही, मग मी केला. निमंत्रित म्हणून मी दिलेलं मत मी मागे घेते, मला समितीसमोर पुन्हा बोलवावं. पीय्वुननं टाइप केलं आणि दोनदा वाचून दाखवलं. ल्यावनं तीन फोन केले. तिसऱ्यात म्हणाला, "ठीक आहे बाई. पण 'नवी माहिती' एवढंच म्हणा. माझ्यासाठी."

डोळ्यांच्या दवाखान्यात नाव घातलं. तिथल्या पोरीनं विचारलं, कधीपासून त्रास आहे? मी म्हटलं, परवापासून. पीय्वुन म्हणाली, चार वर्षं. पोरीनं पीय्वुनचं लिहून घेतलं.

७ नोव्हेंबर

पुन्हा तेच सभागृह, तीच खुर्ची. या वेळी विद्यार्थीही होते, निळ्या केसांची मुलगी दुसऱ्या रांगेत. शूफन भिंतीला टेकून उभी. तिला खुर्ची द्या म्हटलं, तिनं मान हलवली, नको. माझ्याकडून नको.

यूहंगनं सगळं दाखवलं. बेंझीनचं उदाहरण सोडून. ल्याव उठला आणि घसा खाकरून म्हणाला, "मधल्या काळात काही नवी माहिती समोर आली असून, ग्वो पीश्या बाई..."

मी उभी राहिले. "माहिती नवी नाही. यूहंग, ते बेंझीन लाव."

"बाई, ते काढून..."

"काढून टाकलेलं तू फेकून देत नाहीस, मी तुला ओळखते. लाव."

त्यानं लावलं. दरी आली, टेकाड आलं.

"आता त्या दिवशीचं तुझं वाक्य पूर्ण कर. 'बाई, त्या उभ्या पट्टीवर.' पुढे?"

त्यानं माउसवरचा हात काढून घेतला.

"बाई, राहू दे."

"मी तुझी शिक्षिका म्हणून सांगते आहे. यापुढे काही सांगणार नाही. पुढे?"

त्यानं शूफनकडे बघितलं. मग पडद्याकडे. आवाज इतका हळू होता की पहिल्या रांगेलाही जेमतेम पोचला.

"बाई, त्या उभ्या पट्टीवर फक्त एकोणऐंशी ते एक्क्याऐंशी अंश आहेत."

"आणि?"

"आणि ते तुम्हाला दिसत नाहीत."

मला वाटलं होतं जमीन दुभंगेल. काही झालं नाही. फक्त पाय दुखत होते.

"दिसत नाहीत," मी म्हटलं. "त्या दिवशीही दिसले नव्हते. विचारायची लाज वाटली, म्हणून ओरडले. आणि एका जोडीत दोनदा टेकतात हे मला ठाऊक नव्हतं. त्याला होतं. तो माझ्यासाठी खोटं बोलला, त्याला खोटारडा म्हणायचं असेल तर आधी मला म्हणा." मग ल्यावकडे वळले. "लिही. 'नवी माहिती' खोड आणि हे लिही."

ल्यावनं पेन उचललं. समितीतल्या एका बाईंनी त्याच्या हातातून कागद घेतला आणि स्वतः लिहू लागल्या.

मागून निळ्या केसांच्या मुलीनं हात वर केला. "सर, मग ते दोन बिंदू दाब वाढवल्यावर कुठे जातात?"

यूहंग माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? मला तरी कुठे माहीत आहे. दाखव."

२१ नोव्हेंबर

बढती मंजूर झाली. ल्यावनं फोनवर सांगितलं, आवाजात तूप नव्हतं. श्यिंजूच्या कंपनीला यूहंगनं 'येत नाही' असं कळवलं.

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटत नाही. दोन महिने त्या घरात काय काय बोललं गेलं असेल, ते कुठल्या समितीनं मागे घ्यायचं? मदर सेसिलिया म्हणायच्या, झडती संपली की झोपा. मला ते कधीच जमलं नाही.

दुपारी नूडल्सच्या दुकानात गेलो. यूहंग, शूफन, पीय्वुन आणि मी. माझ्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी. शूफन अजून माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं. बसताना मात्र तिनं चमचा उचलून माझ्या हातात दिला, माझ्याकडे न बघता.

यूहंग सवयीनं भिंतीकडे वळला, तोंड उघडलं आणि थांबला. कान लाल झाले त्याचे.

"थांबलास का?" मी म्हटलं. "भूक लागली आहे मला. वाच."

त्यानं वाचलं. वरपासून खालपर्यंत.